उपवासाची भगर आणि बुरशीचे विष

पंढरपूर येथे वर्षात चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी अशा चार मोठ्या यात्रा भरतात. त्यांत आषाढ शुद्ध एकादशीची यात्रा सर्वांत मोठी होय. २०११ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती; आषाढीस मात्र तेथे कित्येक लाख वारकरी एकत्र येतात. एवढ्या समाजास अन्न व पाणी पुरविणे हे मोठे काम आहेच; परंतु एकादशीमुळे त्याला आणखी एक विशेष प्राप्त झाला आहे. त्या दिवशी जमलेल्यांपैकी बहुतेकांस उपवास असतो. ज्वारीची भाकरी, भात, वरण हे नित्याचे अन्न बाजूस राहते आणि त्याची जागा भगर, साबुदाणा, शेंगदाणा, राजगिरा, रताळे असे पाच-सहा पदार्थ घेतात. हे केवळ पंढरपुरातच घडते असे नाही; त्याच दिवशी महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत हेच पदार्थ शिजत असतात.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने ही परिस्थिती विचार करण्याजोगी आहे. नित्याच्या आहारात एखाद्या घरचे धान्य बिघडलेले निघाले, तर त्याचा उपद्रव बहुधा त्या घरापुरता राहतो. उपवासाच्या दिवशी एकाच व्यापाऱ्याकडचा एकच माल अनेक पंक्तींत एकाच वेळी वाढला जाण्याचा संभव असतो. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमातील प्रसादानंतर सुमारे दोन हजार लोक आजारी पडले. २० फेब्रुवारीस बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा या गावी हरिनाम सप्ताहातील भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना उलट्या व जुलाब सुरू झाले. रुग्णालयात जागा न पुरल्याने त्यांतील अनेकांवर उघड्यावर, झाडांना बांधलेल्या दोऱ्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगून, उपचार करावे लागले. हे दोन्ही दिवस एकादशीचे होते.

अशा प्रत्येक घटनेचे कारण एकच असते असे मानणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सणांच्या तोंडावर वेळोवेळी ज्या सूचना प्रसिद्ध केल्या आहेत, त्यांत भगरीवर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीचा आणि तिच्यापासून निर्माण होणाऱ्या फ्युमिगाक्लेविन या विषाचा स्पष्ट उल्लेख आहे. हे विष धान्यात कसे येते, ते शिजवल्याने का जात नाही आणि त्याला आळा कोठे घालता येतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भगर म्हणजे काय

भगर हे एका वनस्पतीचे नाव नसून टरफल काढलेल्या बारीक दाण्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात ती मुख्यतः वरी अथवा वरई या तृणधान्यापासून तयार होते. सावा या धान्याचे तांदूळही भगर या नावानेच विकले जातात. दोन्ही वनस्पती गवताच्या कुळातील असून त्याच कुळात ज्वारी, गहू व भात यांचा समावेश होतो. उपवासाच्या रूढीत भगर धान्यात मोजत नाहीत. वनस्पतिशास्त्र मात्र तिला धान्यच मानते. ज्या दोषांमुळे ज्वारी किंवा तांदूळ बिघडतो, त्याच दोषांनी भगरही बिघडते.

वरीचे पीक पंढरपूरच्या परिसरात महत्त्वाचे नाही. भीमेच्या खोऱ्यातील हा भाग कमी पावसाचा व काळ्या जमिनीचा असून रब्बी ज्वारी हे त्याचे मुख्य धान्य होय. शेजारच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्धच आहे. वरी पिकते ती सह्याद्रीच्या डोंगरउतारावर, अधिक पावसाच्या प्रदेशात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वरीच्या एका सुधारित वाणास ‘फुले एकादशी’ असे नाव दिले आहे. या धान्याचा उपवासाशी असलेला संबंध त्या नावातच व्यक्त झाला आहे. महाराष्ट्राबाहेरूनही वरी येते. नाशिक हे ती भरडून भगर तयार करण्याचे मोठे केंद्र आहे. म्हणजे डोंगराळ भागातील शेतकरी, गिरणी, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार आणि शेवटी पंढरपुरातील स्वयंपाकी अशा अनेक हातांतून हे धान्य जाते. ज्वारी जशी शेतकऱ्याच्या खळ्यावरून थेट घरात येते, तशी भगर येत नाही. खाणाऱ्याला तिचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो.

पोषणाच्या दृष्टीने भगर हे चांगले अन्न आहे. तिच्या शंभर ग्रॅमांत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातील पिष्टापासून तयार होतो. त्यात प्रथिने नाममात्र असतात. राजगिऱ्यात प्रथिने भगरीपेक्षाही अधिक आहेत. उन्हातान्हातून, पावसातून दोन-अडीच आठवडे चालत आलेल्या माणसाला उपवासाच्या दिवशी नुसत्या पिष्टावर ठेवण्यापेक्षा भगर व शेंगदाण्याची आमटी देणे निःसंशय हिताचे आहे. तेव्हा भगर वर्ज्य करावी, असा निष्कर्ष या चर्चेतून काढणे योग्य होणार नाही.

पटकीचा धडा आणि त्याची मर्यादा

पंढरपूरच्या यात्रेत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यात्रा आणि पटकीची साथ यांचा संबंध प्रशासनाच्या चिंतेचा विषय होता. चंद्रभागेचे पात्र स्नानासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठीही वापरले जाई. साथ एकदा यात्रेत शिरली की परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव पोहोचे. रॉबर्ट कॉख याने १८८३-८४ मध्ये ईजिप्त व कलकत्ता येथे केलेल्या संशोधनाने पटकीचा जंतू निश्चित झाला. पुढे पाण्याचे शुद्धीकरण, यात्रेकरूंना लस टोचणे आणि विष्ठेची व्यवस्था या मार्गांनी तिला पायबंद बसला.

या अनुभवातून समाजमनात एक नियम पक्का रुजला: पाणी उकळून घ्यावे, अन्न गरम असताना खावे. पटकीच्या बाबतीत हा नियम बिनचूक आहे. जंतू हा सजीव असून उकळण्याच्या उष्णतेने तो मरतो. बुरशीच्या विषाच्या बाबतीत मात्र हाच नियम अपुरा पडतो. विष हा सजीव नाही. ते एक रासायनिक द्रव्य आहे. बुरशी मेली, तिचे तंतू झडून गेले, धान्य धुऊन स्वच्छ दिसू लागले, तरी दाण्यात मुरलेले विष उरू शकते. पुष्कळशी बुरशीविषे उष्णतेस दाद देत नाहीत. शेंगदाणा व मका यांत आढळणारे अ‍ॅफ्लाटॉक्सिन तर नेहमीच्या शिजवण्याच्या तापमानात जवळजवळ जसेच्या तसे राहते. म्हणून वाफाळणारी भगर ही जंतूंपासून सुरक्षित असली, तरी विषापासून सुरक्षित असेलच असे म्हणता येत नाही.

बुरशी धान्यात कशी वाढते

बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, पोत्यांच्या तागात, गिरणीच्या धुळीत सर्वत्र असतात. ते धान्यावर पडणार नाहीत अशी व्यवस्था करणे अशक्यप्राय होय. परंतु बीजाणू असणे आणि त्यातून बुरशी उगवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उगवण्यास ओलावा लागतो. तृणधान्यातील ओलावा सामान्यतः १२ ते १३ टक्क्यांच्या खाली असला, तर साठवणीत बुरशी वाढत नाही. धान्य हे हवेशी सतत देवघेव करीत असते. सभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, की उघडे धान्य हवेतील पाणी शोषून ही मर्यादा ओलांडते. उन्हाळ्यात खडखडीत वाळलेले धान्य आषाढ-श्रावणात पुन्हा ओलावते ते यामुळे. दुकानात उघड्या पोत्यातून सुटी विकली जाणारी भगर नेमकी याच अवस्थेत असते.

येथे दाण्याच्या आकाराचाही विचार केला पाहिजे. वरीच्या एक हजार दाण्यांचे वजन सुमारे अडीच ग्रॅम भरते. ज्वारीचे हजार दाणे तीस ते चाळीस ग्रॅम भरतात. म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याच्या वजनात वरीचे चौदा-पंधरा दाणे सामावतात. दाण्यांचा आकार सारखा गोल मानून हिशेब केला, तर समान वजनाच्या राशीत वरीच्या दाण्यांचे एकूण पृष्ठफळ ज्वारीच्या सुमारे अडीच पट होते. बुरशी प्रथम पृष्ठभागावरच रुजते व ओलावाही तेथूनच आत शिरतो. त्यात भगर म्हणजे टरफल काढलेला दाणा. वरीचे टरफल कठीण व चकचकीत असून ते दाण्याचे नैसर्गिक चिलखत होय. भरडताना हे चिलखत निघते, काही दाणे फुटतात आणि कोंड्यातील स्निग्धांश उघडा पडतो. भगरीचे पीठ केल्यास पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते. याच कारणाने अखंड वरी दीर्घकाळ टिकते, भगर त्याहून कमी आणि पीठ सर्वांत कमी.

धान्याची रास एका ठिकाणी ओलावली, की तेथील दाण्यांचे व बुरशीचे श्वसन वाढते. श्वसनातून उष्णता व पाणी ही दोन्ही बाहेर पडतात. उष्णतेने ते पाणी वाफेच्या रूपाने शेजारच्या थंड थराकडे सरकते आणि तेथे नवा ओलसर पट्टा निर्माण होतो. ही क्रिया स्वतःच स्वतःला वाढवीत जाते. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी तर विशेष उष्णताप्रिय आहे. कुजणाऱ्या खताच्या तापलेल्या ढिगातही ती जोमाने वाढते. इतर बुरश्या ज्या तापमानात मंदावतात, तेथे हिला अनुकूलता लाभते.

या सर्वांत भर पडते ती विक्रीच्या रीतीची. भगर रोज खपत नाही. एकादशी, महाशिवरात्र, श्रावण व नवरात्र या काळात तिला मागणी येते. एरवी पोते दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहते. मागणी अचानक वाढली, की मागील हंगामाचा शिल्लक मालही बाहेर काढला जातो. वारीच्या वाटेवर हाच प्रकार लहान प्रमाणात घडू शकतो. आळंदी व देहू येथून निघणाऱ्या पालख्यांबरोबरच्या दिंड्या आपला शिधा ट्रकमधून बरोबर नेतात. प्रस्थानानंतर तीन-चार दिवसांतच ज्येष्ठ वद्य एकादशी येते व भगरीचे पोते तेव्हा उघडले जाते. उरलेली भगर पुढील पंधरा दिवस, भर पावसात, ताडपत्रीखाली प्रवास करते आणि आषाढी एकादशीस पुन्हा चुलीवर चढते. बुरशीला वाढण्यास एवढा अवधी पुरेसा आहे.

जुनी प्रकरणे, एकच रासायनिक कुळ

धान्यातील बुरशीमुळे माणसांना भोवळ व उलट्या होण्याचे प्रकार महाराष्ट्रात पूर्वीही घडले आहेत. १९५६-५७ च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरी खाल्ल्याने अनेक लोक आजारी पडले. मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी ही त्यांची मुख्य लक्षणे होती. त्या बाजरीच्या कणसांवर अरगट हा बुरशीजन्य रोग पडला होता, असे तपासात आढळले. त्याचा वृत्तान्त १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. युरोपात राय या धान्यावरील अरगटामुळे मध्ययुगात हातपाय झडून जाण्याचे भयंकर विकार होत असत. बाजरीवरील अरगट निराळ्या बुरशीचा असून त्यातील द्रव्ये क्लेविन वर्गातील अल्कलॉइड असतात. त्यांनी अवयव झडत नाहीत. मज्जासंस्थेवर परिणाम होऊन भोवळ, गुंगी व उलट्या होतात.

या पार्श्वभूमीवर फ्युमिगाक्लेविनचे नाव अर्थपूर्ण ठरते. स्पिल्सबरी व विल्किन्सन या रसायनशास्त्रज्ञांनी १९६१ साली अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीतून ही द्रव्ये प्रथम वेगळी केली. तीही क्लेविन वर्गातीलच आहेत. म्हणजे बाजरीच्या शेतात कणसावर वाढणारी एक बुरशी आणि साठवलेल्या भगरीवर वाढणारी दुसरी बुरशी, या दोघी भिन्न असूनही त्यांची विषे एकाच रासायनिक कुळातील निघतात. भगरीच्या विषबाधेत उलट्यांबरोबर चक्कर येणे व हातपाय थरथरणे ही लक्षणे का दिसतात, याचा उलगडा या नात्यावरून होतो.

मात्र दोहोंत व्यवहाराच्या दृष्टीने एक महत्त्वाचा भेद आहे. अरगटाचे काळपट, कठीण पिंड डोळ्यांना दिसतात. बाजरी मिठाच्या २० टक्के द्रावणात टाकली असता ते हलके पिंड वर तरंगतात व काढून टाकता येतात. भगरीवरील बुरशीचे असे पिंड बनत नाहीत. विष दाण्याच्या अंगात पसरलेले असते. ते निवडून, पाखडून किंवा तरंगवून वेगळे करण्याचा उपाय उपलब्ध नाही.

कोकणातील हरीक, म्हणजेच अन्यत्र ज्याला कोदो किंवा कोद्रा म्हणतात ते धान्य, याच संदर्भात उल्लेखनीय आहे. हरीक खाऊन माणसाला झिंग येते हा अनुभव जुना आहे. १९८५ साली राव व हुसेन या भारतीय संशोधकांनी कोदोवरील बुरशी सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष निर्माण करते, असे दाखवून दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बांधवगड येथे दहा हत्ती मृत्युमुखी पडले. त्यांच्या अवशेषांत हेच द्रव्य आढळले व बुरशीग्रस्त कोदो खाण्यात आल्याचा निष्कर्ष निघाला. विष धान्यात नसून धान्यावरील बुरशीत असते, ही गोष्ट या प्रकरणांनी पुनःपुन्हा सिद्ध केली आहे. निर्दोष हरीक खाऊन झिंग येत नाही. त्याचप्रमाणे निर्दोष भगर खाऊन विषबाधा होत नाही.

लक्षणांवरून कारणाचा शोध

पंक्तीतील पन्नास माणसे आजारी पडली, की ‘भगरीतून विषबाधा’ असे निदान तत्काळ केले जाते. ते खरे असेलच असे नाही. शिजलेले कोणतेही धान्य मोठ्या पातेल्यात कोमट अवस्थेत तासन् तास राहिले, तर त्यात बॅसिलस सेरियस या जंतूची वाढ होते. या जंतूचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात. अन्न निवू लागले की ते जागे होतात. त्यांच्या विषाने एक ते सहा तासांत उलट्या होतात. वाढणाऱ्याच्या हातावरील जखमेतून स्टॅफिलोकॉकस जंतू अन्नात गेल्यासही जवळजवळ त्याच वेळात उलट्या होतात. साल्मोनेला जंतूमुळे होणारा विकार बहुधा अर्ध्या ते दीड दिवसाने सुरू होतो व त्यात ताप येतो. पटकीत उलट्यांपेक्षा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब प्रमुख असतात.

म्हणून तपास करणाऱ्याने काही प्रश्न काटेकोरपणे विचारले पाहिजेत. जेवण किती वाजता झाले व पहिला रुग्ण किती वाजता आजारी पडला? ताप आहे काय? चक्कर, थरथर किंवा गुंगी आहे काय? ज्यांनी भगर खाल्ली नाही, पण आमटी खाल्ली, त्यांची अवस्था काय? पहिल्या पंक्तीस व शेवटच्या पंक्तीस सारखाच त्रास झाला काय? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दोष मूळ धान्यातील विषाचा असेल, तर गरम अन्न खाणारी पहिली पंगतही सुटत नाही. दोष निवलेल्या अन्नात वाढलेल्या जंतूंचा असेल, तर त्रास उशिरा जेवणाऱ्यांस अधिक होतो. प्रयोगशाळेचा अहवाल येण्यास वेळ लागतो. परंतु अशी उत्तरे व्यवस्थित लिहून ठेवली, तर कारणाची दिशा त्याच दिवशी कळू शकते.

प्रयोगशाळेतील परीक्षा

प्रयोगशाळेत धान्याची परीक्षा तीन पायऱ्यांनी होते. प्रथम दाणे तापवून त्यांतील ओलावा मोजतात. नंतर बटाटा व साखर यांच्या पोषक माध्यमावर ते ठेवून कोणत्या बुरश्या उगवतात ते पाहतात. शेवटी विष द्रावकात उतरवून वर्णलेखनाच्या पद्धतीने ओळखतात व मोजतात. अ‍ॅफ्लाटॉक्सिनसारखी काही विषे अतिनील प्रकाशात निळी किंवा हिरवी चमकतात, त्यामुळे त्यांचा माग काढणे सुलभ जाते. अल्कलॉइडांसाठी अधिक सूक्ष्म उपकरणे लागतात.

यांतील दुसऱ्या व तिसऱ्या पायरीचा निष्कर्ष एकच असतो असे नाही. बुरशी उगवली म्हणून विष असेलच असे होत नाही, कारण प्रत्येक बुरशी प्रत्येक वेळी विष निर्माण करीत नाही. उलट, बुरशी उगवली नाही म्हणून धान्य निर्विष ठरत नाही. बुरशी मरून गेली तरी विष मागे राहिलेले असू शकते.

याहून कठीण प्रश्न नमुन्याचा आहे. पन्नास किलोच्या पोत्यात भगरीचे सुमारे दोन कोटी दाणे असतात. बुरशी त्या सर्वांवर सारखी पसरत नाही. भिंतीला टेकलेली कड किंवा छप्पर गळून भिजलेला कोपरा एवढाच भाग दूषित असू शकतो. वरची एक मूठ उचलून तपासली आणि ती निर्दोष आढळली, तरी पोते निर्दोष ठरत नाही. पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतून अनेक छोटे नमुने घेऊन, ते एकत्र दळून मग परीक्षा करणे हीच शास्त्रशुद्ध रीत होय.

कायद्याचे साहाय्य आता पूर्वीपेक्षा अधिक आहे. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने घेतली. त्याखाली तृणधान्यातील अ‍ॅफ्लाटॉक्सिनची मर्यादा दर किलोग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम अशी ठरविण्यात आली. १ सप्टेंबर २०२३ पासून पंधरा भरडधान्यांसाठी एकत्रित मानकही अमलात आले असून त्यात ओलावा, किडलेले दाणे व इतर दोष यांच्या मर्यादा दिल्या आहेत. तथापि कायदा हा दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. त्यापुढील काळजी स्वयंपाकघराने घ्यावयाची असते.

प्रतिबंध कोठे करावा

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भगरीतील विषास चुलीवर उतारा नाही; म्हणून प्रतिबंध चुलीच्या आधी, म्हणजे साठवणीत व खरेदीतच झाला पाहिजे. शेतकऱ्याने मळणीनंतर दाणे पूर्ण वाळवावेत, गिरणीने ओलसर माल भरडू नये, व्यापाऱ्याने पोती भिंतीपासून दूर व लाकडी फळ्यांवर रचावीत, हे त्यातील पहिले टप्पे होत. वरी अखंड स्वरूपात साठवून मागणीच्या सुमारास भरडणे हे भगर करून साठविण्यापेक्षा सुरक्षित आहे.

खरेदी करणाऱ्याने सुटी भगर शक्यतो घेऊ नये; बंद पाकिटावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, तयार केल्याची तारीख व वापराची मुदत पाहून घ्यावी. उघडल्यावर कुबट वास येणारी, गाठी झालेली, रंग उतरलेली किंवा चवीस कडवट भगर, कितीही धुतली तरी, वापरू नये. ती गुरांनाही घालू नये. मागील सणाची उरलेली भगर पुढील सणासाठी राखून ठेवण्याची काटकसर महागात पडते. भगरीचे पीठ बाजारातून सुटे न आणता लागेल तेवढेच घरी दळावे. दिंडीच्या शिध्यातील भगर झाकण घट्ट बसणाऱ्या कोरड्या डब्यांत ठेवावी आणि दोन एकादशींसाठी दोन स्वतंत्र, न उघडलेली पाकिटे न्यावीत.

अन्नछत्रे व मोठ्या पंक्ती यांच्या चालकांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. शिजलेले अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर गरम राहील अशा बेताने थोडेथोडे शिजवून वाढावे. प्रत्येक पदार्थाचा पावशेर नमुना स्वच्छ डब्यात, थंड जागी, निदान दोन दिवस जपावा व मालाच्या पावत्या त्याबरोबर ठेवाव्यात. काही विपरीत घडल्यास तपासाचा धागा या नमुन्यातूनच मिळतो. एरवी पातेली घासली जातात, उरलेले अन्न फेकले जाते आणि कारण कायमचे अज्ञात राहते.

संशोधनापुढील कामे

या विषयात विद्यापीठीय संशोधनास मोठा वाव आहे. आषाढाच्या सुमारास बाजारात येणाऱ्या भगरीचे नमुने दरवर्षी त्याच रीतीने घेऊन ओलावा, बुरशी व विष या तिन्हींची नोंद ठेवली, तर कोणत्या टप्प्यावर धान्य बिघडते हे अनुमानावर न सोपविता मोजून सांगता येईल. धुणे, भिजत घालणे, भाजणे आणि शिजवणे या घरगुती क्रियांनी फ्युमिगाक्लेविनचे प्रमाण किती घटते, याचे मोजमाप व्हावयास हवे. हवाबंद पिशव्यांत साठविलेल्या भगरीची तागाच्या पोत्यातील भगरीशी पावसाळाभर तुलना करणे हा प्रयोग तर अल्प खर्चात, पंढरपूरच्या स्थानिक हवामानातच करण्याजोगा आहे. ग्रामीण रुग्णालयात किंवा यात्रेच्या तात्पुरत्या दवाखान्यात वापरता येईल अशी झटपट परीक्षा तयार झाली, तर तिचा उपयोग सर्वांत अधिक होईल.

पटकीचा जंतू सापडल्यानंतर यात्रेतील पाण्याची व्यवस्था सुधारण्यास अनेक दशके लागली. त्या मानाने भगरीचा प्रश्न सोपा आहे. धान्य कोरडे ठेवणे, ताजे घेणे व जुने टाकून देणे एवढ्यावर त्याचा बहुतेक भाग सुटतो. मात्र त्यासाठी उपवासाच्या पदार्थांकडे धान्य म्हणून पाहिले पाहिजे, आणि ज्वारीच्या पोत्याला जी निगराणी मिळते ती भगरीच्या पोत्यालाही मिळाली पाहिजे.